युक्ती आणि तिचे पथ्य



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, वाङ्मय, राज्यकारभार असे भारदस्त विषय यावेत, अशी जुनी वहिवाट आहे. त्या पंक्तीत 'घरगुती युक्त्या' हा विषय आणून बसवणे म्हणजे शालजोड्यांच्या गठ्ठ्यात पोतेरे ठेवण्यासारखे आहे, असे कुणाला वाटले तर आम्ही त्यास दोष देणार नाही. मात्र शालजोडीवाचून घर चालते, पोतेऱ्यावाचून चालत नाही, एवढे त्याने आमच्याबरोबर मान्य करावे. शिवाय या दोन गोष्टींचे नाते आपण समजतो त्याहून जवळचे आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. आणि रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' हे मराठीतले आरंभीचे छापील पाकशास्त्र निघाले तेही १८७५ सालीच. पुढे १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' आले आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' घरोघर पोचली. सभेतले ज्ञान आणि चुलीपुढचे ज्ञान अशी दोन्ही ज्ञाने महाराष्ट्राने एकाच काळात छापखान्याच्या स्वाधीन केली. तेव्हा आज पहिल्याच्या घरी दुसरे पाहुणे आले आहे, असे समजून आपण आमचे ऐकून घ्यावे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, युक्ती ही एकटी नसते. तिच्या पोटात एक कारण असते आणि तिच्या पाठीशी एक पथ्य असते. आपल्या आज्या-पणज्यांनी युक्ती दिली ती बहुधा पथ्यासकट दिली. कारण त्यांना सांगता आले नसेल, पण "असे कर" याच्या मागोमाग "मात्र असे करू नको" हे त्या सांगत. आजकाल युक्ती तेवढी फिरते आणि पथ्य वाटेत गळून पडते. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत ते मावत नाही. पथ्य गळाले की युक्तीचा कधी नुसता फज्जा उडतो, तर कधी ती जिवावर बेतते. आजचे व्याख्यान या गळालेल्या पथ्यांसाठी आहे.

प्रथम आपल्या गावाकडे पाहू. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी पाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरी. वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर जातो. १९७२ च्या दुष्काळात मिलोची भाकरी आणि सुकडी खाल्लेली माणसे आज आजी-आजोबा झाली आहेत. भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, तरी शहरात काही दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्यावर घर चालवण्याची सवय आपल्या बायकांना लावून घ्यावी लागली. जिथे सुबत्ता असते तिथे युक्तीला फारसे काम नसते. एक वस्तू बिघडली तर माणूस दुसरी आणतो. आमच्यासारख्या अवर्षणाच्या मुलखात मात्र धान्याचा दाणा, पाण्याचा तांब्या आणि सुताचा धागा यांची राखण करता करता अक्कल तयार झाली. घरगुती युक्ती म्हणजे टंचाईने दिलेले शिक्षण होय.

या शिक्षणाचा उत्तम नमुना म्हणजे आपल्याकडचे पेव. जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, आतून कडबा-भुसा लावायचा, त्यात ज्वारी भरायची आणि तोंड मातीने लिंपून बंद करायचे. अशा पेवात ज्वारी वर्षानुवर्षे टिके. यात युक्ती काय, तर हवा बंद करणे. आतले धान्य आणि त्यातले किडे मिळून उरलासुरला प्राणवायू संपवतात, त्याच्या जागी कर्बवायू साठतो आणि किडा गुदमरून मरतो. औषध नाही, खर्च नाही. परंतु जी हवा किड्याला मारते ती माणसालाही मारते. म्हणून पेव फोडल्याबरोबर आत कुणी उतरायचे नाही, ते मोकळे राहू द्यायचे, मग दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा, आणि दिवा विझला तर पाऊल टाकायचे नाही, असा दंडक होता. दिवा तेवला म्हणजे सर्व धोका टळला असेही नव्हे. पण तो विझला तर जाणारा जीव वाचे, एवढे खरे. ज्या अडाणी म्हटलेल्या शेतकऱ्याने पेव शोधले, त्यानेच दिवाही शोधला, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. युक्ती आणि पथ्य एकाच दोरीला कसे बांधावे, याचा तो धडा आहे.

आता पेवे गेली आणि धान्य डब्यात आले. वर्षाची ज्वारी, गहू, तूर भरून ठेवण्याची चाल मात्र अजून पुष्कळ घरांत आहे. या साठवणीची पहिली युक्ती म्हणजे ऊन. आपल्या वैशाखातल्या गच्चीवर काळसर कापडावर पातळ पसरलेले कडधान्य इतके तापते की किडा, अळी आणि अंडे तिन्ही मरतात. सोलापूरच्या उन्हाला लोक शिव्या देतात, पण असे फुकटचे औषध दुसऱ्या गावी मिळत नाही. याची पथ्ये दोन. एक, धान्य पुरते निवाल्याशिवाय डब्यात भरू नये. गरम धान्य बंद केले की झाकणाला आतून घाम येतो आणि त्या ओलीने बुरशी धरते. दुसरे, हा उपाय तांदळाला लावू नये. कडक उन्हात तांदूळ तडकतो आणि भाताची कणी होते.

दुसरी युक्ती तेलाची. अख्खी तूर, मूग, चवळी यांना किलोमागे चहाचा एक चमचा तेल चोळून ठेवले तर भुंगा लागत नाही. हा भुंगा दाण्याच्या पाठीवर अंडे चिकटवतो, त्यातली अळी दाणा पोखरून आत शिरते. तेलाचा पातळ थर बसला की अंड्याला श्वास घेता येत नाही. यातूनच जुन्या बायका तुरीची डाळ करून ठेवण्याची घाई का करीत, तेही उमगते. या किड्याला अख्खा दाणा लागतो, भरडलेल्या डाळीत त्याचा संसार नीट मांडला जात नाही. पथ्य असे की तेल काही महिन्यांनी खवट होते, म्हणून तेवढ्यात संपेल इतकेच धान्य चोळावे. कडुनिंबाच्या पाल्याचेही असेच आहे. पाला सावलीत वाळवून खडखडीत झाल्यावर घालावा. हिरवा पाला घातला तर किडा पळण्याआधी ओल आत शिरते. तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची रीत मात्र आम्ही सांगणार नाही. ते विष आहे, अन्नात त्याला जागा नाही आणि दोन पाण्यांनी तांदूळ धुतला म्हणजे ते सारे निघून गेले असे मानणे धाडसाचे आहे.

आता जे सांगायचे आहे ते सभेतल्या प्रत्येकाने घरी जाऊन सांगावे, अशी हात जोडून विनंती आहे. धान्यात ठेवण्याच्या म्हणून ज्या करड्या गोळ्या खेड्यापाड्यांतून हातोहात मिळतात, त्यांत अॅल्युमिनियम फॉस्फाइड असते. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून, हवेतल्या नुसत्या दमटपणाने, सुमारे एक ग्रॅम फॉस्फीन वायू सुटतो. त्याला कधी लसणासारखा, कधी कुजक्या मासळीसारखा वास येतो, आणि कधी वास जाणवतही नाही. हा वायू गोदामासाठी आहे. कायद्याने तो सरकारी यंत्रणेने आणि परवानाधारक कीडनियंत्रकानेच वापरायचा आहे. घरातल्या कुणी पोत्यात या गोळ्या टाकल्या आणि त्याच खोलीत कुटुंब दार लावून झोपले, तर काय होते ते वर्तमानपत्रांत वेळोवेळी आले आहे. आधी लहान मुले जातात. या विषावर उतारा नाही. डॉक्टर श्वास आणि हृदय सांभाळतात, त्यापलीकडे त्यांच्या हाती काही नसते. पाहा, पेवाची आणि या गोळीची युक्ती एकच आहे, किड्याचा श्वास बंद करणे. पेवाबरोबर दिवा आला, गोळीबरोबर दिवा आला नाही, एवढाच फरक आणि तेवढ्यात घर उठते. म्हणून राहत्या घरात या गोळीला थारा देऊ नये. किडलेले पोते उन्हात पसरावे, चाळावे, फार तर कोंबड्यांना घालावे; चार पायली ज्वारी जीवापेक्षा मोठी नाही.

धान्याकडून पाण्याकडे वळू. माठ का गार करतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. मातीच्या बारीक छिद्रांतून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाणी अशा रीतीने उडाले तर सुमारे ५८० कॅलरी उष्णता नेते, आणि ती माठातल्या पाण्याकडून घेते. हे घडायला हवा कोरडी लागते. म्हणून आपल्याकडे वैशाखात माठ दात शिवशिवतील इतके गार पाणी देतो आणि तोच माठ रत्नागिरीला नेला तर रुसून बसतो. यात माठाचा दोष नाही. दमट हवेत पाणी उडत नाही. पथ्य हेच की माठ वाऱ्याच्या वाटेवर ठेवावा, कोनाड्यात कोंडू नये. तो बाहेरून काथ्याने घासावा, साबण लावून छिद्रे बुजवू नयेत. आणि पाणी ओगराळ्याने काढावे, हात बुडवू नये. याच तत्त्वावर माणसाने कूलर केला. पण कूलर लावून सगळ्या खिडक्या बंद करणारी घरे आम्ही पाहतो तेव्हा आश्चर्य वाटते. ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर सोलापुरातच रत्नागिरी तयार होते. समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवावी, की काम झाले.

पाणी काही दिवसांआड येते म्हणून आपण रांजण, टाकी, पिंपे भरून ठेवतो. ही टंचाईची युक्ती आहे आणि तिच्यावाचून गत्यंतर नाही. तिचे पथ्य मात्र पुष्कळांना अर्धेच माहीत असते. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळावा, हे आपण ऐकलेले असते. राहिलेले अर्धे असे की हा डास अंडी पाण्यावर सोडत नाही, तो ती पाण्याच्या काठाशी भांड्याच्या भिंतीला चिकटवतो, आणि ती अंडी कोरड्यात महिनेन् महिने तग धरतात. नुसते पाणी ओतून पुन्हा भरले तर नव्या पाण्याने जुनी अंडी जागी होतात. म्हणून भांड्याची आतली भिंत काथ्याने खसखसून घासली पाहिजे. घासायला तांब्याभर पाणी लागते आणि ते न घासण्याची किंमत एक आजारपण असते. ज्या टाकीला हात पोचत नाही तिला घट्ट झाकण किंवा कापड बांधावे.

पाणी गाळण्याच्या कापडाची गोष्ट तर जगभर गेलेली आहे. पटकी हा आपल्या परिचयाचा शत्रू. एकोणिसाव्या शतकात आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरच्या यात्रेने तिचे तडाखे सोसले आहेत. बांगलादेशात, जिथे पटकी घर करून राहते, तिथे रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतल्या बायकांना जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून त्यातून पाणी गाळायला सांगितले. २००३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. गाळून पिणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरले होते. पटकीचे जंतू पाण्यातल्या अगदी लहान जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात, हे त्याचे कारण. नव्या साडीपेक्षा जुनी साडी बरी, कारण धुऊन धुऊन धागा फुलतो आणि छिद्रे बारीक होतात. ज्या शहरात घरोघरी माग चालले, त्या शहराला या बातमीचा थोडा अभिमान वाटायला हरकत नाही. पथ्य असे की गाळलेले कापड लगेच खळबळून कडक उन्हात वाळवावे, नाहीतर तेच रोगाचे बिऱ्हाड होते. आणि जिथे पाणी उकळणे शक्य आहे तिथे गाळणे हे उकळण्याच्या जागी नाही, त्याच्या आधी आहे. तुरटीचेही तसेच. ती गढूळपणा खाली बसवते. दिसायला पाणी निवळले म्हणजे ते निर्जंतुक झाले असे नव्हे.

स्वयंपाकघरातल्या डब्यांनी जगात केलेल्या सर्वांत मोठ्या पराक्रमाचा उल्लेख केल्यावाचून पाण्याचे प्रकरण संपवता येत नाही. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे बंगालात आले. बनगावच्या छावणीत पटकी फैलावली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपले. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि थोडा सोडा पाण्यात कालवून पिंपे भरून ठेवली आणि ते पाणी रोग्यांच्या नातेवाईकांनीच पाजावे अशी व्यवस्था केली. शंभरात तीसच्या आसपास मरत होते तिथे मृत्यूचे प्रमाण चारच्या आत आले. आतडे साखरेच्या सोबतीने मीठ आत ओढते आणि मिठापाठोपाठ पाणी जाते, हे त्याचे इंगित. घरी करायचे तर एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. पथ्य मापाचे आहे. मीठ वाढले तर लहान मुलाला ते घातक ठरते. म्हणून आधी स्वतः चाखावे, डोळ्यांतल्या आसवांहून खारट लागले तर ओतून द्यावे. औषधाच्या दुकानात तयार पुडी मिळत असेल तर ती अधिक चांगली. मूल सुस्त पडले, लघवी थांबली, तर युक्त्या बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

आता चुलीपाशी येऊ. आमच्या मालदांडी ज्वारीचे गुणगान आम्ही करू लागलो तर अध्यक्षांना घंटा वाजवावी लागेल. मोहोळच्या केंद्रात निवडून काढलेला 'एम ३५-१' हा तिचा वाण, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली मिळालेले भौगोलिक मानांकन, हे सारे आपल्याला ठाऊक आहे. पण हीच ज्वारी नव्या सुनेला रडवते. भाकरी थापता थापता चिरते. गव्हात जो चिवट अंश असतो तो ज्वारीत नाही. तिच्या पिठाला धरून ठेवते ती उष्ण पाण्याने फुगलेली खळ. म्हणून पाणी कढत हवे. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, मग कढत पाण्यानेही ते नीट धरत नाही. अशा वेळी थोड्या पिठाची उकड काढून ती बाकीच्या पिठात मळावी, भाकरी साधते. पथ्य म्हणजे उन्हाळ्यात दळण आठवड्यापुरतेच आणावे. गिरणीत एकदम पंधरा किलो दळून वाचवलेली फेरी पुढे रोज सकाळी परातीत वसूल होते.

कडक भाकरी ही तर आमची मोठी युक्ती. भाकरी पातळ थापून, भाजून, मंद धगीवर पापडासारखी होईतो वाळवली म्हणजे तिच्यात बुरशीला प्यायला पाणी उरत नाही. शिदोरीला, यात्रेला, रानातल्या मुक्कामाला ती आठवडेच्या आठवडे साथ देते आणि आमटीत चुरली की पुन्हा मऊ होते. पथ्य: डब्यात कडक भाकरीवर एकही नरम भाकरी ठेवू नये, एकीची ओल साऱ्या चवडीला लागते.

शेंगाचटणीचे असेच. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ आणि जिरे उखळात कुटत राहावे, शेंगदाण्याला तेल सुटते आणि चटणीचा गोळा होतो. तिच्यात पाणी नाही म्हणून ती टिकते, म्हणून ओला चमचा तिचा वैरी. पण खरे पथ्य कुटण्याच्या आधीचे आहे. शेंगदाणे निवडताना काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा दाणा टाकून द्यावा. १९६० साली इंग्लंडात बुरशी लागलेल्या शेंगदाण्याची पेंड खाऊन लाखभर टर्की कोंबड्या मेल्या, आणि त्या शोधात अफ्लाटॉक्सिन हे विष सापडले. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. हे विष यकृतावर घाव घालते आणि ते भाजल्याने पुरते जात नाही. "भाजला की चालतो" ही युक्ती जुनी असेल, ती खोटी आहे. काटकसर करणाऱ्या आमच्या बायकांना मूठभर दाणे फेकताना जिवावर येते हे आम्ही जाणतो. तरी ही मूठ फेकण्यात उधळपट्टी नाही.

कापडाच्या गावात कापडाबद्दल बोलले पाहिजे. हळदीचा डाग साबण लावताच लालभडक होतो आणि माणूस घाबरतो. घाबरण्याचे कारण नाही. हळदीचा रंग साबणातल्या क्षाराने लाल होतो, खळबळला की पुन्हा पिवळा होतो, आणि पिवळा राहिला तर ऊन त्याला खाते. म्हणून साबणाने धुवावे आणि डागाची बाजू सूर्याकडे करून वाळत घालावे. दोन-तीन उन्हांत डाग विरतो. रंगीत कापड मात्र तसे उन्हात ठेवू नये, हळदीबरोबर त्याचाही रंग उडेल.

नवी चादर मिठाच्या पाण्यात भिजवली की रंग पक्का होतो, ही युक्ती दूरदूरची गिऱ्हाइके सांगतात. रंगाच्या हौदात काही रंगांबरोबर मीठ टाकतात हे खरे. मिठामुळे रंग पाणी सोडून सुताकडे धावतो. परंतु रंगणीत जो रंग सुतात नीट बसला नाही, त्याला घरच्या बादलीतले मूठभर मीठ बांधून ठेवू शकत नाही. पूर्व भागातल्या कुठल्याही पद्मशाली रंगाऱ्याला विचारावे. चादर घेताना तिच्या कोपऱ्यावर ओले पांढरे फडके घासून पाहावे. फडके कोरे राहिले तर निर्धास्त घ्यावी. रंग लागला तर पहिली दोन-तीन धुणी वेगळी, गार पाण्यात करावी, ओली चादर चुंबळ करून ठेवू नये आणि ती सावलीत वाळवावी.

साफसफाईचे एकच पथ्य सांगतो, कारण ते जिवाचे आहे. दोन औषधे एकत्र केली की दुप्पट स्वच्छता होते असे मानून पुष्कळ जण ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे अॅसिड एकत्र टाकतात. त्यातून क्लोरीन सुटतो. पहिल्या महायुद्धात खंदकांत माणसे मारायला जो वायू सोडला होता, तोच हा. बंद मोरीत त्याचे चार श्वास पुरेसे असतात. एका वेळी एकच वस्तू वापरावी आणि दार उघडे ठेवावे. आणि चटका बसला तर तूप, हळद, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडत राहावे. पाण्याच्या टंचाईतही या बादलीचा हिशेब करू नये.

आता एक गोष्ट पुरुष मंडळींसाठी. युक्ती सांगणारा आणि ती करणारा एकच असेल तर तिचे मोल बरोबर होते. पण बहुधा सांगतो एक आणि राबते दुसरी. कुंभारीजवळ विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ साली उभी राहिली. हजार विड्यांवर जिची मजुरी ठरते अशा बाईला "घरीच शिकेकाई कुटा, घरीच साबण करा, फार स्वस्त पडते" असे सांगणे सोपे आहे. त्या कुटण्यात तिच्या किती विड्या बुडाल्या, याचा हिशेब कुणी मांडत नाही. तिच्या उपयोगी पडते ती तिचा वेळ वाचवणारी युक्ती. रात्री कडधान्य भिजत घालणे, भांड्यावर झाकण ठेवणे, डाळ शिजली की आच बंद करून तिच्याच वाफेवर ती मुरू देणे, या कामाला हात लागत नाहीत आणि जळण वाचते. त्यातही सर्वांत मोठी युक्ती अशी आहे की रांजण घासण्याचे आणि दळण आणण्याचे काम घरातल्या पुरुषाने उचलावे. हिला काही पथ्य नाही, ती कितीही प्रमाणात चालते.

भगिनींनो आणि बंधूंनो, आमच्याजवळ युक्त्यांचे आणखी बोचके आहे, पण ते सोडण्याची ही वेळ नव्हे. जाताना एकच सुचवतो. पुष्कळ घरांत पाककृतींची वही असते. तिच्या मागच्या पानांवर तीन रकाने आखावेत. पहिल्यात युक्ती लिहावी, दुसऱ्यात तिचे कारण आणि तिसऱ्यात पथ्य. ज्या युक्तीचा दुसरा रकाना कोरा राहील तिच्याबद्दल चौकशी करावी. शाळेत जाणाऱ्या मुलामुलीला विचारावे, विज्ञानाच्या शिक्षकाला विचारावे, स्वतः थोड्या वस्तूवर करून पाहावे. ज्या युक्तीचा तिसरा रकाना कोरा राहील ती शेजारी सांगण्याची घाई करू नये. आणि घरात वडीलधारी बाई असेल तर तिच्यापाशी बसून तिसरा रकाना आधी भरून घ्यावा. युक्त्या छापील पुस्तकांत सापडतील, मोबाइलवर ढिगाने सापडतील. "मात्र असे करू नको बाई" हे वाक्य तिच्याबरोबर जाईल.

पेव फोडणाऱ्याने दिवा आधी खाली सोडावा, मग पाऊल टाकावे, एवढी शहाणी रीत ज्या मुलखात पडली त्या मुलखाला यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नाही.